एमएची फी नाही, मेसचं बिल नडतंय

मा. संपादक साहेब, नमस्कार.

बीएचे निकाल लागले की आमच्या कोरेगाव भागात एकच वाक्य कानावर येतं, "एमए बाहेरून करतो." पोरगं हुशार असतं, इतिहासात नाहीतर मराठीत चांगले मार्क असतात, पण रेग्युलर करायचं म्हणजे साताऱ्याला नाहीतर थेट कोल्हापूरला विद्यापीठात, आणि खरं सांगू का, अनुदानित कॉलेजात एमएची फी हा मोठा विषय नसतोच, नडतं ते खोलीचं भाडं, मेस, जायचं-यायचं आणि दोन वर्षं घरात न येणारा पगार. नुसत्या फी-माफीनं हे भागत नाही. मग पोरं शोरूमला नाहीतर पतसंस्थेत चिकटतात आणि परीक्षेपुरती पुस्तकं उघडतात.

आता गंमत बघा. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, पीजीसाठी (एमएसारख्या पदव्युत्तर शिक्षणासाठी) राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, महिना १५,००० रुपये, वर्षातले १० महिने, दोन वर्षं. देशभरात १०,००० जागा आणि त्यातल्या निम्म्या ह्युमॅनिटीजला, म्हणजे इतिहास, भाषा असल्या विषयांना! पदवीच्या मार्कांवर निवड, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. पण अट रेग्युलरची, आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा. म्हणजे पैसे नाहीत म्हणून पोरगं बाहेरून करतं आणि बाहेरून करतं म्हणून त्याला पैसे नाहीत.

संशोधन करणाऱ्यांना मिळणाऱ्या जेआरएफ फेलोशिपचे महिना ३७,००० रुपये सगळ्यांना माहिती, सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही चांगल्याच, पण हे सगळं पीएचडीचं, एमए झाल्यावरचं. मधली दोन वर्षं कोण बघणार? भाच्यासाठी एका बँकेत एज्युकेशन लोन विचारायला गेलो तर साहेब म्हणाले एमए करून हप्ते कशातून फेडणार. प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

साताऱ्यात आपण ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिन करतो, १९०० साली बाबासाहेबांचं नाव इथल्या शाळेत घातलं गेलं म्हणून. भाषणं होतात, हार होतात. पण १९१३ ला ते कोलंबियाला एमए करायला गेले तेव्हा बडोद्याच्या महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंड दिले होते, तेही तीन वर्षांसाठी, हे कुणी फारसं सांगत नाही. आणि 'कमवा आणि शिका' योजना तर कर्मवीर अण्णांची, म्हणजे भाऊराव पाटलांची, आपल्याच जिल्ह्यातली. एमएच्या पोरांना कॉलेजच्या लायब्ररीत, ऑफिसात तासावर काम देता येणार नाही का? बऱ्याच ठिकाणी माणसं कमीच आहेत की.

कॉलेजवाल्यांना विनंती एवढीच की शिष्यवृत्तीची माहिती एमएच्या वर्गात नको, टीवायच्या, म्हणजे बीएच्या शेवटच्या वर्षाच्या, पोरांना परीक्षेआधी द्या, बाहेरून फॉर्म भरल्यावर सांगून काय उपयोग. आणि तुमच्या पेपरात दहावी-बारावीनंतर काय याची पुरवणी निघते तसं बीएनंतर काय यावर अर्धं पान तरी द्या, पोर्टल सुरू झालं की शेवटच्या तारखेसकट.

एक पालक, कोरेगाव, जि. सातारा