ट्रकचालकांचे डोळे तपासता, मानही मोजा

महोदय,

रस्ता सुरक्षा अभियानात ट्रकचालकांची नेत्रतपासणी होते, गरजूंना चष्मेही मिळतात. तुर्भे, कळंबोली, उरण पट्ट्यात अशी शिबिरे भरवणाऱ्यांना विनंती आहे की, त्याच टेबलावर शिंप्याची टेप ठेवा आणि मानेचा घेर मोजा; जाड मान ही स्लीप अ‍ॅप्निया या झोपेतल्या श्वासाच्या आजाराची एक खूण आहे.

स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घसा सैलावून श्वासाची वाट बंद होते आणि दर वेळी किमान १० सेकंद श्वास अडतो. तासाला ५ वेळा झाले की आजार, ३० वेळा झाले की तीव्र. दर वेळी मेंदू अर्धवट जागा होतो, त्यामुळे आठ तास झोपलेला चालकही शिणलेलाच उठतो. हे त्याला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्या क्लीनरला कळते. म्हणून क्लीनरलाच विचारा: घोरणे मध्येच थांबते आणि उस्ताद गुदमरून दचकतात का? मानेचा घेर ४० सेंमीहून जास्त, उच्च रक्तदाब, दिवसाची पेंग यांचीही नोंद घ्या. या आजाराचा धोका ओळखणाऱ्या स्टॉप-बँग प्रश्नावलीत आठच प्रश्न आहेत. तीन उत्तरे ‘हो’ आली तर रात्रभराची चाचणी करावी. बोटाला ऑक्सिमीटर, नाकाशी नळी, छातीला पट्टा एवढे बांधून ती घरीही होते.

ताशी ६० किमी वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी सुमारे ६७ मीटर आपोआप जाते. अशा अपघातात बहुतेकदा ब्रेक मारल्याची खूणच नसते.

चालक खरे सांगत नाहीत, कारण गाडी हातची जाईल ही भीती. मालकांनी ती आधी घालवावी. मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारे सीपॅप मशीन रोज रात्री लावले तर दिवसाची पेंग ओसरते आणि बहुतेकांना काम सोडावे लागत नाही. मशीन केबिनमध्येही चालते, फक्त ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असल्याने कंपनीचाच अडॅप्टर घ्यावा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर ओढली तर ती बॅटरी आधी बसते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

आजार नसला तरी रात्री २ ते ५ या वेळात शरीर झोप मागतेच. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार दिवसाला ८ तास काम आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ९ तास विश्रांती हवी होती. बंदराच्या रांगेत स्टिअरिंगवर काढलेले तास मालकांनी विश्रांतीत धरू नयेत.

तंबाखू, मोठ्याने गाणी, तोंडावर पाणी यांनी झोप जात नाही. डोळे जड झाले की ट्रक टर्मिनलमध्ये किंवा पंपावर गाडी लावावी, कडक चहा घेऊन २० मिनिटे झोपावे आणि उठल्यावर १५ मिनिटे थांबूनच चावी फिरवावी.

– निद्राविकार तपासणी क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, नवी मुंबई