पेनड्राइव्ह उघडत नसेल तेव्हा

ती. आई-बाबांस,
सा. न.

पेनड्राइव्हचं फोनवर अक्षर-अक्षर सांगत बसण्यापेक्षा कागद समोर असलेला बरा, म्हणून सविस्तर लिहिते. उबंटू, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार, धरून लिहिलं आहे.

आधी एक ताकीद. पडद्यावर आलं किंवा कुणी सांगितलं तरी ‘फॉरमॅट’ करू नका. त्याने पेनड्राइव्ह वापरता येईल कदाचित, पण कुठला फोटो कुठे ठेवला आहे याची यादीच जाते. गाडी नेमकी कुठे अडली आहे ते आधी बघायचं.

पेनड्राइव्ह हबमधून (एका पोर्टाची अनेक करणाऱ्या डबीतून) काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टात लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या. पुढची पोर्टं आतल्या वायरने जोडलेली असतात आणि ती वायर सैल पडते. तरी काही दिसलं नाही तर पेनड्राइव्ह काढून ठेवा, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि लहान लिपीत हे टाइप करा: एस-यू-डी-ओ, जागा, डी-एम-ई-एस-जी, जागा, मग उणे चिन्ह आणि त्याला चिकटून डब्ल्यू. पासवर्ड मागेल. तो टाइप करताना कदाचित ठिपकेसुद्धा उमटणार नाहीत, म्हणून कीबोर्ड बिघडला असं समजू नका. टाइप करून एंटर दाबा. आता पेनड्राइव्ह लावा आणि खाली नव्या ओळी येतात का ते पाहा. बघून झालं की कंट्रोल आणि सी एकत्र दाबून बाहेर पडा.

एकही ओळ आली नाही, तर त्याच पोर्टात माउस लावून बघा. माउस चालला तर दोष पेनड्राइव्हचा. ओळींच्या शेवटी ‘एरर’ आणि उणे ७१ किंवा उणे ११० असं दिसलं, तर संवाद मध्येच तुटतोय: ७१ म्हणजे बोलणं गडबडलं, ११० म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही. बहुतेकदा हे सैल जोडणीमुळे होतं, म्हणून पोर्ट बदलून बघायचं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच झालं, तर आतलं सर्किट गेलं.

ओळी नीट आल्या तर पुढची कमांड: एल-एस-बी-एल-के. इथे प्रत्येक डिस्कचं नाव आणि आकार दिसतो. पेनड्राइव्ह आकारावरून ओळखायचा, नावावरून नाही, कारण नाव दर वेळी बदलू शकतं. १६ जीबीचा पेनड्राइव्ह इथे साधारण १४.९ किंवा थोडा कमीच दिसेल. बाबा, यात कंपनीने फसवलेलं नाही. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, ही कमांड १०२४ च्या. पण आकार शून्य दिसला, तर पेनड्राइव्हची कंट्रोलर चिप उत्तर देते आहे आणि तिच्या मागची मेमरी नाही. यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही, तेव्हा त्यात दिवस घालवू नका.

आकार बरोबर आहे पण फोल्डर उघडत नाही, किंवा उघडतं पण काही सेव्ह करताना ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचता येईल) म्हणतं, हे सगळ्यात जास्त वेळा होतं. कारण बहुतेक एकच: इजेक्ट न करता उपटलेला पेनड्राइव्ह. लिनक्स कॉपी करताना मजकूर आधी कॉम्प्युटरच्या मेमरीत घेतं आणि मागाहून सावकाश पेनड्राइव्हवर उतरवतं. पट्टी पूर्ण भरली तरी काम चालूच असू शकतं. मध्येच ओढला की फाइल अर्धी राहते आणि यादीत गोंधळ होतो. फॅट पद्धतीच्या (ही फाइलींची यादी ठेवायची एक पद्धत) पेनड्राइव्हवर असा गोंधळ सापडला, की नुकसान वाढू नये म्हणून लिनक्स स्वतःच लिहिणं बंद करतं.

अशा वेळी जे वाचता येतंय ते सगळं आधी कॉम्प्युटरवर कॉपी करा. मग ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्राम उघडा, डावीकडे पेनड्राइव्ह निवडा आणि विभागाच्या चित्राखालचं चौकोनी बटण दाबा. ते अनमाउंटचं, म्हणजे पेनड्राइव्ह लावलेलाच ठेवून वापरातून सोडवण्याचं. वरचं इजेक्ट दाबू नका, नाहीतर पेनड्राइव्ह डावीकडच्या यादीतूनच जाईल. मग शेजारच्या दातेरी चाकातून ‘रिपेअर फाइलसिस्टिम’. दुरुस्तीनंतर एफ-एस-सी-के आणि शून्यांनी सुरू होणाऱ्या फाइली दिसल्या तर त्या पुसू नका. ते नाव हरवलेले तुकडे असतात, त्यात एखादा फोटो निघू शकतो.

कॉपी करतानाच ‘इनपुट आउटपुट एरर’ आला, तर मात्र दुरुस्ती अजिबात नको. मेमरी झिजते आहे आणि प्रत्येक प्रयत्नात आणखी जाईल. पेनड्राइव्ह काढून ठेवा, मी आल्यावर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने त्याची पूर्ण प्रत काढून त्या प्रतीवर फोटोरेक हा हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवीन. पहिल्या कमांडमध्ये ‘राइट प्रोटेक्ट इज ऑन’ दिसलं आणि पेनड्राइव्हला बाजूला खटका नसला, तर बहुधा कंट्रोलरनेच कुलूप घातलंय. ते उघडत नाही. फोटो उतरवून घ्या आणि तो टाकून द्या.

आई, फोटो पुसूनही जागा मोकळी होत नाही म्हणालीस ना? पुसलेल्या फाइली पेनड्राइव्हवरच्याच एका लपलेल्या कचरापेटीत जातात. फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाब, टिंबाने सुरू होणारं ‘ट्रॅश-१०००’ दिसेल. पेनड्राइव्ह लावलेला असतानाच डावीकडची कचरापेटी रिकामी केलीस की जागा परत मिळेल. आणि जागा असूनही लग्नाचा मोठा व्हिडिओ जात नसेल, तर तो बिघाड नाही. फॅट-३२ या फॅटच्या प्रकारावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही. त्यासाठी एक्सफॅट ही नवी पद्धत लागते. २०१९ अखेरच्या ५.४ आणि त्यापुढच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) त्याची सोय आहे. पण एक्सफॅट करायचं म्हणजे फॉरमॅट आलंच, तेव्हा आतलं सगळं दुसरीकडे नीट उघडतंय हे पाहिल्याशिवाय नाही.

अडलात तर टर्मिनलमधल्या शेवटच्या दहा-बारा ओळींचा फोटो पाठवा. ‘चालत नाही’ एवढ्यावरून मला काही कळत नाही, त्या ओळींवरून बहुतेक सगळं कळतं.

तुमची लेक