लिलावातल्या आडबाजूच्या बंगल्याची वाट : महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बँकांनी लिलावात काढलेले गावाबाहेरचे बंगले आणि ताब्याच्या वेळचा पंचनामा

महोदय,

मुळशी, मावळ, कर्जत, मुरबाड, अलिबाग इथले बंगले थकीत कर्जापोटी बँकांच्या ई-लिलावात निघत असतात. जाहिरातीचा साचा ठरलेला : गट नंबर, क्षेत्र, बांधकामाचे चौरस फूट, राखीव किंमत आणि तळाशी 'जसे आहे, जेथे आहे'. बंगला एकांतात आहे म्हणून त्याला भाव येतो. त्या एकांतापर्यंत गाडी कुणाच्या शेतातून जाते, ते कुठेच लिहिलेले नसते. बँकेला स्वतःला माहीत असलेले बोजे जाहीर करण्याचे बंधन आहे. पण वाट बुजली, हा काही बोजा नव्हे.

वाट बुजते ती अशी. मूळ मालकाने शेजाऱ्याशी तोंडी बोलून बांधावरून मुरूम टाकलेला असतो. कर्ज थकते, बंगल्याला कुलूप लागते, दोन-तीन पावसाळे जातात आणि शेजारी बांध नांगरून घेतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा काढून मागता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. लिलावात घेणाऱ्याला कळते तोवर ती मुदत केव्हाच टळलेली असते. उरते जमीन महसूल संहितेचे कलम १४३. ते शेतकऱ्याला शेतात जाता यावे म्हणून केलेले आहे. बिनशेती बंगल्यासाठी तिथे अर्ज केला की पहिली हरकत तीच येते. शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचे धोरण आपल्याच खात्याने २०२५ मध्ये आणले, हे चांगले झाले. पण कुलूपबंद बंगल्याच्या वतीने ही नोंद मागणार कोण? मालक परागंदा आणि बँक सातबाऱ्यावर फक्त बोजा म्हणून.

दुसरी गाठ जमिनीच्या प्रकाराची. कित्येक बंगल्यांखालची जमीन सातबाऱ्यावर अजून शेतीच असते, किंवा बिनशेती परवानगी पाच गुंठ्यांची आणि विक्रीला पूर्ण गट. बँकांना न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१(आय) नुसार शेतजमिनीवर हा कायदाच चालत नाही. गोव्यातल्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नुसत्या नोंदीवर न जाता जमिनीचा खरा वापर पाहिला. म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात वाद रंगायला दोन्ही बाजूंना जागा आहे. आणि खरेदीदार शेतकरी नसेल तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यास आडकाठी करणारे कूळकायद्याचे कलम ६३ फेरफाराच्या टेबलावर वाट पाहत असते. पैसे भरून विक्री प्रमाणपत्र हातात आल्यावर ही शंका निघणे म्हणजे वरात दारात आल्यावर कुंडली मागण्यासारखे आहे.

तपासायला वेळ तरी किती? समजा राखीव किंमत दीड कोटी आणि बयाणा दहा टक्के, म्हणजे १५ लाख. बोली १ कोटी ६० लाखांवर थांबली, तर बयाण्यासह २५ टक्के, म्हणजे ४० लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे. उरलेले १ कोटी २० लाख विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी कमाल तीन महिने. चुकले की भरलेली रक्कम जप्त. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही जप्ती योग्य ठरवली.

एवढ्या अवधीत बोली लावणाऱ्याला मोजणी करून घेता येत नाही, कारण अर्ज सातबाऱ्यावरच्या धारकाने करायचा. ताबा नुसता प्रतीकात्मक, म्हणजे दारावर नोटीस लावून कागदोपत्री घेतलेला असेल तर पाहणी फाटकाबाहेरून. मग शोषखड्डा शेजारच्या गटात निघतो. राखणदाराने आंब्याची राखण करता करता कूळ असल्याचा दावा सांगितलेला असतो. सह्याद्रीच्या पावसात स्लॅब गळतो, चौकटींना वाळवी लागते, बोअरमधला पंप आणि भिंतीतली तांब्याची वायर नाहीशी होते. हे सगळे पैशाने भरून निघते, वाटेचे तसे नाही. वीजजोड कायमचा तोडलेला असेल तर जुनी थकबाकीही नव्या मालकाकडे येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२३ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. ते खाते आपले नाही, म्हणून इतकेच.

आपल्या हातात जे आहे ते असे. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सरफेसीच्या कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. सोबत नऊ मुद्द्यांचे शपथपत्र असते. मुद्दे कर्ज, तारण, थकबाकी आणि नोटिशीचे. तारण मालमत्तेचा तपशील त्यात येतो, पण तिथवर जाणाऱ्या वाटेबद्दल अवाक्षर नाही. आदेश झाला की तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी पोलीस बंदोबस्तात जागेवर जातात, कुलूप तोडतात, आतल्या सामानाची यादी करतात. त्याच फेरीत आणखी एक पान लिहायला अर्धा तास लागेल.

त्या पानावर मंडळ अधिकाऱ्याने एवढे नोंदवावे : सार्वजनिक रस्त्यापासून फाटकापर्यंतची वाट किती मीटर रुंद, कोणकोणत्या गटांतून, गाव नकाशावर किंवा इतर हक्कांत आहे की नुसती वहिवाट, बिनशेती आदेशाचा क्रमांक आणि क्षेत्र, कूळ, आदिवासी खातेदार किंवा खाजगी वनाचा शेरा, बंगल्यात राहणारे कोण आणि कोणत्या नात्याने. सोबत मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा. ती धारकाच्या अर्जाशिवाय, कलम १४ च्या आदेशावरून, बँकेच्या खर्चाने काढून देण्याची सूचना भूमी अभिलेख खात्याला द्यावी. वाट बंद केलेली दिसली तर तेही तारखेसह लिहावे. पंचनाम्याने कुणाला रस्त्याचा हक्क मिळणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण वाट कोणत्या दिवशी कशी होती याचा सरकारी पुरावा राहील.

प्रतीकात्मक ताब्यावरच विक्री काढणाऱ्या बँकांनी शुल्क भरून हाच पंचनामा तहसीलदारांकडून मागवण्याची सोय असावी. त्याची प्रत लिलावाच्या जाहिरातीसोबत संकेतस्थळावर लावण्याचे बंधन घालणे केंद्राच्या हातात आहे. तसा प्रस्ताव राज्याने अर्थ मंत्रालयाकडे पाठवावा. तोवर निदान चावडीवर प्रत लावण्याचे परिपत्रक आपल्या सहीने निघू शकते.

आपले,
लिलावातल्या मालमत्तांचे कागद तपासणारे काही वकील व मूल्यांकनकार