खालच्या मजल्यावरच्या शिवणाच्या काकींना

काकी,

हे पत्र तुमच्या सूनबाईंनी मोठ्याने वाचून दाखवायचंय आणि तेवढा वेळ तुम्ही मशीन बंद ठेवायची, एवढीच अट आहे. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "गप गं, च्या घेतीस काय" म्हणून उठूनच जाता, त्यामुळे आता चार लोकांत लिहितेय, जा आता कुठं जाताय ते.

तर पुस्तक छापून आलं. लहान मुलांचं, २४ पानांचं. पहिल्या पानावर लेखिकेचं नाव आहे, चित्रं म्हणून माझं आहे, प्रकाशकाचं, छापखान्याचं, अक्षरजुळणी ज्यांनी केली त्यांचं पण आहे, आणि जिच्यामुळे ती चित्रं वेळेत गेली तिचं नाही, कारण "पोर सांभाळलं, कागद इस्त्री केले, वेळेवर ओरडल्या" असा रकाना कुठल्याच पुस्तकात नसतो.

तुम्ही लाइट बिल द्यायला वर आला होता बघा, धाकटा माझ्या कडेवर, थोरली टेबलाखाली काहीतरी कापत बसलेली आणि मी एका हाताने आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, ओढत होते. अशा वेळी घरी येणारं माणूस एकतर म्हणतं "किती छान, घरबसल्या वेळ जातो तुझा" नाहीतर म्हणतं "पोरांना पण बसव की सोबत, त्यांना आवड लागेल." (हा दुसरा सल्ला देणाऱ्यांनी कधीतरी दोन वर्षांच्या पोरासोबत बसून बघावं. पोरांना घेऊन रंगवायला मजा येते, खूप येते, पण तो पोरांचा खेळ असतो, त्यातून प्रकाशकाला द्यायचं पान निघत नाही.) तुम्ही दारातच उभ्या राहून विचारलंत, "गिऱ्हाईकाला कधी द्यायचंय हे?" मी तारीख सांगितली. मग "किती देणार हाईत?" मी आकडा सांगितला. तुम्ही थोडा वेळ काहीच बोलला नाही आणि मग म्हणालात, "आणि ॲडव्हान्स?"

ॲडव्हान्स मागायचा असतो हे मला आर्ट कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिथे आम्ही पंचगंगेच्या घाटावर पहाटे जाऊन लँडस्केप करायचो, रंकाळ्यावर संध्याकाळचा उजेड पकडायचो, कोटितीर्थाच्या काठी राहून आयुष्यभर चित्रं काढणाऱ्या आबालाल रहिमानांच्या गोष्टी ऐकायचो आणि भारावून जायचो. भारी होतं ते सगळं. पण त्या गोष्टींमध्ये दुपारची झोप मोडून किंचाळणारं पोर कुठेच नसतं आणि निम्मे पैसे आधी घे असंही कुणी म्हणत नाही. ते तुम्ही म्हणालात, मी त्याच रात्री मेल टाकला, आणि प्रकाशकांनी दिले की हो, काही न बोलता!

आणि बिलाचा कागद माझ्या हातात देऊन तुम्ही धाकट्याला उचललंत. "मी बघतो ह्याला, तू तेवढं आभाळ घे आवरून."

आता खरं सांगू का, माझा पहिले काही दिवस जीव खालीवर व्हायचा. तुमच्याकडे कात्र्या, सुया, टाचण्या, तापलेली इस्त्री आणि त्यात हे पोर, जे हातात येईल ते तोंडात घालतं. पण तुम्ही स्वतःची तीन पोरं त्या मशीनशेजारी वाढवलीत. कात्री उंच खिळ्याला, टाचण्या मॅग्नेटच्या डबीत, बटणांची बरणी कपाटावर, आणि खाली पोराच्या हाताला लागेल असं फक्त चिंध्यांचं गाठोडं आणि दोऱ्याची रिकामी रिळं. ते बघून मी माझं टेबल आवरलं. टर्पेंटाइनची बाटली आणि ऑइल कलरचा डबा माळ्यावर गेला, कॅडमियमच्या विषारी रंगांच्या ट्यूबा कुलपात गेल्या, रंगाचं पाणी आधी चहाच्या कपात असायचं ते झाकणाच्या डब्यात आलं. आणि धाकटा तुमच्या मशीनच्या आवाजात दोन-दोन तास झोपायला लागला, घरात पंख्याच्या आवाजाने उठणारा पोरगा, हे कोडं मला अजून सुटलं नाहीये.

पण सांभाळण्यापेक्षा मोठं काम तुम्ही वेगळंच केलंत, आणि ते तुमच्या लक्षात पण नसेल. एकदा मी वैतागून खाली आले होते, की वॉश अर्ध्यात सोडून उठावं लागलं आणि आभाळाच्या मधोमध कड पडली, आता पान परत. वॉटरकलरचं असंच असतं, ओलं आहे तोवर ते तुमचं, मधेच थांबलात की जिथे थांबलात तिथे रेघ उमटून बसते. तुम्ही काज करत होतात, मान पण वर केली नाहीत. म्हणालात, "पोरं जागी असताना कात्री धरायची न्हाई, माप चुकतंय. पोरं निजली की कटिंग, पोरं जागी असली की हुकं, काजं, हात शिलाई. मधीच उठलं तरी सुई तिथंच असती."

काकी, मी त्या दिवशी वर येऊन सगळ्या पानांची वाटणी केली. रात्रीची कामं कुठली तर स्केच, चेहरे, आभाळ, पाणी, म्हणजे जिथे हात थांबवून चालत नाही ते. दिवसाची कामं म्हणजे साड्यांची नक्षी, कौलं, झाडांची पानं, गवत, जे मधेच टाकून उठलं तरी बिघडत नाही. आणि दिवसाच्या कामासाठी वॉटरकलर सोडून सरळ पोस्टर कलर घेतले, शाळेत आपण सगळ्यांनी वापरलेत तेच, कारण ते वाळले तरी पाणी लावलं की परत सुटतात. ॲक्रिलिकचं तसं नाही, पोराची शी धुवून येईपर्यंत पॅलेटवरचा रंग प्लास्टिक झालेला असतो आणि ब्रश पण जातो. कॉलेजातल्या काही मित्रांना पोस्टर कलर ऐकून हसू आलं, येऊ दे. त्यांच्यापैकी एकाच्याही घरी आता लहान पोर नाही, किंवा आहे पण ते त्यांची बायको बघते.

(आमच्या ह्यांना पण इथे थोडं क्रेडिट देते नाहीतर घरात वाद व्हायचा. शिरोली एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, तरी थर्ड शिफ्टवरून आले की सकाळी थोरलीचा डबा आणि वेणी त्यांच्याकडे. वेणी कशीही असते पण असते.)

मग पावसाळा आला. कोल्हापूरचा जुलै माहितीये ना सगळ्यांना, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, अख्खं गाव मोबाइलवर फूट मोजत बसलेलं असतं, आणि मी घरात कागद वाळायची वाट बघत बसलेली. ३०० जीएसएमचा चांगला जाड कागद, तरी पापडासारखा वर आला. स्कॅन करायला सपाट लागतो, नाहीतर कडेला सावली पडते. मी चार पानं घेऊन तुमच्याकडे फक्त रडगाणं गायला आले होते आणि तुम्ही इस्त्रीचं बटण दाबलंत. मी ओरडलेच. तुम्ही ऐकलं नाही. खाली धुतलेलं कापड, त्यावर चित्र पालथं, मागच्या बाजूला ओला हात फिरवल्यासारखा, वर मांजरपाट आणि इस्त्री मंद, घासायची नाही, नुसती ठेवायची आणि उचलायची. मग गार होईपर्यंत वर फळी आणि फळीवर थोरलीला बसवलंत! पान असं सपाट झालं की मी दोनदा उलटून बघितलं. नंतर कळलं की चित्रं जपणारे लोक पण कागदाला बेतानं ओल देऊन, मग वजनाखाली दाबून तो सपाट करतात. तुम्हाला कुणी सांगितलं होतं विचारलं तर म्हणे, "कॅनव्हासचं अस्तर असंच बसवत्यात."

आणि तुम्ही चित्रांना बघून कधी उगाच "छान छान" केलं नाहीत हे मला फार आवडलं. शाहू स्मारकला मैत्रिणीचं प्रदर्शन होतं, तुम्ही महाद्वार रोडला हुकं-अस्तर आणायला निघाला होता तशाच माझ्यासोबत आलात, पिशवी हातात, प्रत्येक चित्रासमोर उभ्या राहून आधी किंमत वाचलीत मग चित्र बघितलंत. आणि माझ्या नऊवारीतल्या आजीच्या चित्रात काष्टा चुकीच्या बाजूला खोचलाय हे तुम्हीच सांगितलंत, लेखिकेला दिसलं नाही, संपादकांना दिसलं नाही. तो मी बदलला, पान १७, जाऊन बघा.

आता राहिलं पैशाचं. पोर सांभाळायचे तुम्ही घेत नाही, ठीक आहे, दोनदा भांडून झालंय. पण लग्नसराईत तुमच्याकडे मान वर करायला वेळ नसतो हे मी बघितलंय, म्हणून यंदा नोव्हेंबरपासून तुमचा नातू शाळेतून आला की वर यायचा, जेवण, अभ्यास, झोप माझ्याकडे. त्याला टेबलाखाली थोरली आहेच कंपनीला. सूनबाईंना मी सांगून ठेवलंय, तुम्हाला विचारत नाहीये.

आणि पाटी मीच रंगवणार. मुलगा फ्लेक्स करून आणतो म्हणतोय, त्याचं ऐकू नका, दोन उन्हाळ्यात पांढरा पडतो फ्लेक्स. पत्र्यावर ऑइल पेंटने, ब्रशने, नीट देवनागरीत करू. वास येतो म्हणून घरात नाही, रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये बसते, पोरं ह्यांच्याकडे. फक्त मजकूर लवकर सांगा, "फॉल पिको करून मिळेल" घालायचं का नुसतं ब्लाऊज आणि ड्रेस? आणि ॲडव्हान्सशिवाय काम घेतलं जाणार नाही हे पण घालू का खाली लहान अक्षरात?

तुमची,
वरच्या मजल्यावरची