ती. आईस, कॉर्निंगहून

कॉर्निंग, न्यूयॉर्क राज्य

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोटोतल्या त्या झळाळत्या काचेच्या फुलदाणीला रंग कशाने दिलाय, असं तू विचारलंस आणि मी "काहीतरी केमिकल असतं" म्हणून वेळ मारून नेली. खरं तर मलाच माहीत नव्हतं. काल बघून आले.

इथल्या एका कारागिराने मला भट्टीपाशी उभं राहू दिलं, चष्मा लावून आणि चार हात लांब. लोखंडी फुंकणीच्या टोकाला काचेचा लालभडक गोळा. घट्ट काकवीसारखा ओघळू बघतो, म्हणून फुंकणी सतत फिरवायची. आकार आला की जरा निवू द्यायचा आणि वर कथलाच्या क्षाराचं पाणी फवारायचं. भसकन पांढरा धूर! तो आम्लाचा, म्हणून वर मोठं धुराडं. मागे राहतो तो कथलाच्या ऑक्साइडचा पापुद्रा.

आणि त्या पापुद्र्याला स्वतःचा रंगच नाही गं. साबणाच्या फुग्याचं असतं तसंच. थोडा उजेड वरून परततो, थोडा पापुद्र्याच्या तळाकडून, आणि जाडीप्रमाणे कधी निळं उमटतं, कधी जांभळं. तुला ती मोरकंठी वाटली ना? जरा बाजूने बघितली तर सोनेरी दिसते.

शतकानुशतकं जमिनीत पुरलेली रोमन काचही ओलाव्याने अशीच झळकते. तीच झाक मुद्दाम आणायचा मग युरोपातल्या काचवाल्यांनी ध्यास घेतला. लोबमायर या व्हिएन्नाच्या काचकंपनीने १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात अशी काच मांडली, अमेरिकेतल्या टिफनी नावाच्या काचकलाकाराने १८९४ मध्ये आपल्या अशा काचेसाठी 'फाव्रिल' नाव नोंदवलं. इथे कॉर्निंगमध्ये फ्रेडरिक कार्डर या काचकाराची 'ऑरीन' नावाची झळाळती काच आली १९०४ मध्ये. लॅटिनमधल्या सोन्यावरून नाव, पण सोनेरी ऑरीनमध्ये सोनं औषधालाही नाही, चांदीचा क्षार! बाबांना सांग, हसतील.

मला मात्र सगळ्यात आवडला तो एक वाडगा. फवारल्यावर कारागिराने तो पुन्हा तापवून रुंद केला. काच ताणली गेली, पापुद्रा ताणला जाईना, तडकला. दुधावरच्या सायीसारख्या बारीक सुरकुत्या पडल्या. मला वाटलं, बिघडला. तो म्हणाला, मुद्दामच केलंय. रात्रभर तो मंद भट्टीत हळूहळू निवायला ठेवलाय, नाहीतर तडा जातो.

तो मी तुझ्यासाठी सांगून ठेवलाय. सामानात टाकणार नाही, मांडीवर घेऊनच येईन.

तुझी,
धाकटी