मोमोएची उरलेली गोष्ट

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, लग्न झालं की नोकरी सोडणार. तुझ्या मोमोएसारखी." मी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन बाबांकडे दिला. तेव्हापासून मनाला चैन नाही, कारण ती गोष्ट तुला झोपवताना मीच सांगायचे आणि दर वेळी अर्धीच सांगायचे.

तुला आठवते ती अशी. ५ ऑक्टोबर १९८०. तोक्योच्या बुदोकान सभागृहात २१ वर्षांची गायिका यामागुची मोमोए पांढऱ्या पोशाखात शेवटचं गाणं गाते, हातातला पांढरा माइक रंगमंचावर ठेवते आणि निघून जाते. पुढच्याच महिन्यात मिउरा तोमोकाझुशी लग्न. 'इझुची नर्तिका'पासून कितीतरी चित्रपटांत तिचा नायक तोच होता. नंतर ती गायला किंवा कॅमेऱ्यासमोर कधीच परतली नाही. इथे तुझे डोळे मिटलेले असायचे आणि मी थांबायचे.

आता आधीचं ऐक. मोमोए योकोसुकाची, म्हणजे तुझ्या योकोहामाच्या अगदी शेजारची. वडिलांचा दुसरीकडे संसार होता, दोन मुलींना आईनेच वाढवलं. शाळेत असताना मोमोएने वर्तमानपत्रंही टाकली. १९७२ मध्ये टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला, १९७३ च्या मे महिन्यात पहिली रेकॉर्ड निघाली. वय १४.

आणि तिला गायला काय दिलं? १९७४ चं 'हितोनात्सु नो केइकेन' हे गाणं मला आजही नीट ऐकवत नाही. मुलगी आपली सर्वांत मोलाची गोष्ट तुला देईन म्हणते, आणि ती मोलाची गोष्ट म्हणजे काय, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतं. गाणारी १५ वर्षांची. मोठमोठे पुरुष पत्रकार तिला पुन्हा पुन्हा विचारायचे, "म्हणजे नेमकं काय गं?" ती दर वेळी एकच उत्तर द्यायची, "मागोकोरो." निर्मळ मन. तुला पंधरावं लागलं तेव्हा मला हे किती वेळा आठवलं, तुला ठाऊक नाही. शब्द दुसऱ्याचे, पण त्यांचा अर्थ तिने कोणाला लावू दिला नाही.

मग १९७६. आपली गाणी आगी योको आणि उझाकी र्‍यूदो या जोडप्याकडून हवीत, हे तिने स्वतः सुचवलं. रॉकवाला माणूस आणि त्याची बायको, कंपनीच्या मनात तेव्हा ती नावं नव्हती. त्यातून 'योकोसुका स्टोरी' आलं, तिच्याच गावाचं गाणं, १७ व्या वर्षी. योकोसुका-चुओ स्टेशनवर गाडी येताना आजही त्याची धून वाजते. तू इतकी वर्षं तिथे आहेस, एकदा मुद्दाम उतर.

१९७८ च्या कोहाकूमध्ये, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री टीव्हीवर होणाऱ्या गायक-गायिकांच्या सामन्यात, स्त्रियांच्या बाजूचं शेवटचं गाणं तिचं होतं. १९ वर्षांच्या मुलीला हा मान! पुढच्या वर्षी ओसाकाच्या कार्यक्रमात, ऐकायला आलेल्या लोकांसमोर, आपलं कोणावर प्रेम आहे ते तिने सांगून टाकलं. लग्न आणि निवृत्ती जाहीर केली ती १९८० च्या मार्चमध्ये. जाण्याआधी आत्मचरित्र लिहिलं आणि वडिलांबद्दलचं सगळं उघड मांडलं. माइक खाली ठेवायला क्षण लागला असेल, पण त्या क्षणाची तयारी ती कितीतरी आधीपासून करत होती. मी तुला सांगितला तो फक्त क्षण.

मी असं का केलं, ते आज लिहिते. पुण्यात जपानी शिकताना आमच्या बाईंनी आम्हाला मोमोएच्या 'कॉसमॉस'ची कॅसेट ऐकवली होती. गाणं लिहिलेलं सादा मासाशीने. उद्या लग्न असलेली मुलगी आईकडे पाहते, एवढंच त्यात आहे. जपानीत नाव लिहायचं 'शरदातलं चेरीचं फूल' आणि वाचायचं 'कोसुमोसु', हे कळलं तेव्हा मी हरखून गेले होते. त्याच भाषेवर मला अनुवादाची नोकरी लागली. तू आठ महिन्यांची असताना मी ती सोडली. कोणी जबरदस्ती केली नाही. पण कोणी विचारलंही नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. घरात ते ठरलेलंच होतं. मग रात्री तुला थोपटताना मी मोमोएची गोष्ट सांगायचे, म्हणजे आपणही तिच्यासारखाच माइक ठेवला असं वाटायचं. तसं नव्हतं, सोनू. तिने ठेवला. माझ्या हातातून तो केव्हा गेला, ते मला आठवतही नाही.

तुला वाढवताना मी सुखात होते, त्यात काडीचंही खोटं नाही. नोकरी सोडू नकोस असंही मी म्हणत नाही. मोमोएने घर सांभाळलं, दोन मुलगे वाढवले, वर्षानुवर्षं आपल्या गोधडीसारखं कापडाचे तुकडे जोडायचं काम केलं आणि २०१९ मध्ये त्याचं पुस्तकही काढलं. त्या घरात तिचं काही हरवलं असेल असं मला वाटत नाही.

इथे टेकडीवर पिवळा कॉसमॉस फुलला आहे. सकाळी फिरायला गेले की तेच गाणं ओठांवर येतं, अजून सगळे शब्द पाठ आहेत.

पुढच्या रविवारी मला हॉल, साड्या, पाहुणे यातलं काही सांगू नकोस. राजीनाम्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी उठून तू काय करणार आहेस, तेवढं सांग.

तुझी,
आई