चांगले बॅक्टेरिया, वाईट बॅक्टेरिया

संपादक साहेब, नमस्कार.

पोटातल्या बॅक्टेरियांवर पेपरात काहीही छापून आलं की सोबत एक चौकट ठरलेलीच, एका बाजूला चांगले बॅक्टेरिया, दुसऱ्या बाजूला वाईट. वाचायला सोपं आहे पण मला काही ते पटत नाही, म्हणून लिहितोय.

हेलिकोबॅक्टर पायलोरीचंच घ्या ना. हा जंतू पोटात गडबड करतो हे डॉक्टर लोकांना पटेना म्हणून ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो चक्क पिऊन टाकला आणि स्वतःच्याच जठराला सूज आणून दाखवली, पुढे २००५ ला रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळालं. तेव्हापासून पायलोरी म्हणजे व्हिलन. पण माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हा, साधारण ६० हजार वर्षांपूर्वी, हा व्हिलन त्याच्या पोटात बसूनच तर सोबत निघाला! पूर्व आफ्रिकेपासून जसजसं लांब जावं तसतसं त्याच्या जीन्समधलं वैविध्य कमी होत जातं, अगदी आपल्यासारखंच.

खरी गंमत कोलंबियात आहे. तिथे किनाऱ्यावर आणि डोंगरात दोन्हीकडे पायलोरी भरपूर, पण पोटाचा कॅन्सर डोंगरातल्या लोकांत कितीतरी जास्त. २०१४ च्या एका अभ्यासात माणसाचे आणि जंतूचे दोघांचेही जीन्स तपासले, तर ज्यांचे पूर्वज अमेरिकेतले मूळ आदिवासी पण पोटातला जंतू आफ्रिकी वंशाचा, त्यांच्या जठराची हालत जास्त खराब निघाली, आणि माणूस नि जंतू दोघंही आफ्रिकी वंशाचे असले तर त्रास कमी. एका अभ्यासावर सगळं ठरत नाही हे मान्य, पण मग हा जंतू कुठल्या चौकटीत टाकणार?

आईच्या दुधातल्या काही साखरा तर बाळाला पचतच नाहीत, त्या खातात बाळाच्या आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया. म्हणजे आई बाळाच्या भाडेकरूंचाही डबा भरते. हे नातं चांगलंच, पण आतड्यात गपगुमान राहणारा ई. कोलायसुद्धा लघवीच्या मार्गात शिरला की इन्फेक्शन करतो, तेव्हा कोण, कुणाच्या शरीरात, कुठे, एवढं तरी चौकटीत लिहा.

आणि हो, शरीरात पेशींच्या दहापट बॅक्टेरिया असतात हे वाक्य पण आता काढून टाका. २०१६ च्या हिशोबाप्रमाणे पेशी ३० लाख कोटी आणि बॅक्टेरिया ३८ लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीच.

– एक नियमित वाचक